बोट झाकणबाईचं, शब्द कुणाचे?

हॉलमध्ये दीडशे माणसं होती आणि दीडशेच्या दीडशे रडत होती. मीसुद्धा. खोटं कशाला सांगू!

व्यासपीठावर अकरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. जन्मापासून एकही शब्द न बोललेला. त्याचे वडील ट्रक चालवतात, दंड हे एवढाले, आणि ते पहिलीतल्या पोरासारखे हुंदके देत होते. कारण मुलाचं बोट समोरच्या पारदर्शक पाटीवर एकेका अक्षराला टेकत होतं आणि माइकवाले काका गहिवरून ती अक्षरं जोडत होते, "बा... बा... मला... सगळं... समजतं!"

मुलाच्या मनगटाखाली दोन बोटांचा आधार देऊन अक्षरताई बसल्या होत्या. त्यांचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं. राखाडी शाल, मंद हसू, आणि आवाज असा की ऐकताना गरम दूध पिऊन झोपावंसं वाटावं.

"मूल मुकं नसतं गं," त्या सांगत होत्या. "मूल बंद असतं. मी फक्त किल्ली. माझ्या बोटांतून प्रेमाची स्पंदनं जातात, मेंदूचा उजवा दरवाजा उघडतो आणि आत्मा थेट अक्षरांवर उतरतो. हे विज्ञान आहे हं, परदेशात सिद्ध झालंय!"

कोणत्या परदेशात, ते त्या कधीच सांगत नसत. परदेश हा बहुधा एकच मोठ्ठा देश असावा.

"पथ्य एकच. परीक्षा घ्यायची नाही. शंकेची एक सुई टोचली की स्पंदन फुटतं, आणि मूल कायमचं मिटतं. आहे कुणाची हिंमत स्वतःच्या लेकराला मिटवायची?"

कुणाचीही नव्हती. मग आमचा नंबर आला.

आमचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा. वय वर्षं सहा, घरातलं नाव झाकणबाई. बरणी, बाटली, डबा, पेन, ज्याला म्हणून झाकण आहे ते ती काढणार, डोळ्यांशी नेऊन गोल फिरवणार आणि एका रांगेत मांडणार. आमचे बाबा घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानात घड्याळांच्या मागची चकचकीत झाकणं डबा भरून असतात, त्यामुळे ते दुकान म्हणजे बाईंचं माहेर. बाई बोलत मात्र नाहीत. डॉक्टरांनी तिसऱ्या वर्षीच सांगितलं होतं, ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता.

अक्षरताईंनी तिचं मनगट धरलं. झाकणबाई मान वर करून पंख्याकडे बघत होती. बोट चाललं. माइकवाले काका वाचू लागले, "आ... ई... तू... मला... खूप... आवडतेस."

आईने तोंडावर पदर दाबला आणि ती खुर्चीवरून खालीच बसली. सहा वर्षं! सहा वर्षं ती 'आई' या एका शब्दाची वाट बघत होती. बाबांनी तिला सावरलं, आणि बाबांना सावरायला मी उठले, तेवढ्यात काकांचा आवाज आला, "बाबा... भिंग... माझ्या... हातून... फुटलं. मला... माफ... करा."

मी उठले होते ती तशीच उभी राहिले. माझं रडू नळ बंद केल्यासारखं थांबलं.

आता भिंगाचं सांगते. घड्याळवाले डोळ्याला लावतात ते छोटं काळं भिंग. बाबांच्या उस्तादांनी त्यांना दिलेलं. दोन महिन्यांपूर्वी ते फुटलेलं सापडलं, तेव्हा मी म्हटलं होतं, "झाकणबाईने फोडलं, मी बघितलं." बाबांनी तुकडे कागदात बांधून ठेवले होते.

ते भिंग मी फोडलं होतं. पाय पडला माझा. मी नाव तिचं घेतलं, कारण ती "नाही" म्हणू शकत नव्हती.

ही गोष्ट या जगात दोनच जणींना ठाऊक होती. मी आणि ती. ती समोरच होती त्या वेळी, तिने पाहिलं होतं. मग न केलेल्या गोष्टीची माफी ती कशी मागेल?

*

घरी आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पुठ्ठ्यावर सगळी अक्षरं लिहिली आणि छताकडे बघत एका बोटाने स्वतःचं नाव लिहून पाहिलं. पहिल्या अक्षरालाच बोट पुठ्ठ्याबाहेर! न बघता मला जमत नाही, नववीतल्या मुलीला. आणि जिला अजून कुणी क-ख-ग शिकवलेलं नाही, ती पंख्याकडे बघत वाक्यंच्या वाक्यं लिहिते, तीही एका चुकीशिवाय?

"आई, अक्षरताईंना भिंगाचं कसं कळलं?" मी विचारलं.

"त्यांना कुठे कळलं? हिनेच सांगितलं ना."

"त्याआधी आपण काही लिहून दिलं होतं का?"

"ओळखपत्रिका. चार पानी. नाव, सवयी, आवडीनिवडी..." आई पडदे शिवता शिवता थांबली. आमच्या घरी मशीनवर कायम कुणाचे तरी पडदे असतात. "अलीकडे काय तुटलं-फुटलं, घरात कोण रागावलं, असं पण होतं एक. पण त्याचं काय?"

"काही नाही," मी म्हटलं. पुठ्ठा मात्र दप्तरात जपून ठेवला.

पुढच्या दोन रविवारी पाटी जास्तच बोलायला लागली. एकदा म्हणाली, "मला चित्रं नकोत, चित्रं बाळांना देतात." झालं! आईने फ्रिजवरची चित्रांची पट्टी काढून कपाटावर टाकली.

ही पट्टी म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. स्पीच थेरपीच्या, म्हणजे बोलायला-सांगायला शिकवणाऱ्या मॅडमकडे आठ महिने खपून झाकणबाई तीन कार्डं शिकली होती: 'पाणी', 'उघड' आणि 'पुरे'. बाटलीचं झाकण घट्ट असलं की ती 'उघड'चं कार्ड चर्रकन उपटायची आणि आपल्या हातात कोंबायची. कसली ऐट असायची तेव्हा तिची! साहेब फाइलवर सही मागतात तशी.

आता ती रिकाम्या फ्रिजसमोर उभी राहायची. पट्टी होती तिथे हात फिरवायची. मग कपाळ आपटायची फ्रिजवर, ठक, ठक, ठक.

"अगं, बघ ना तिला काय हवंय!" मी ओरडायची.

"रविवारी पाटीवर सांगेल ती," आई म्हणायची. डोळ्यांत पाणी असायचं, पण तोंडावर ते नवं हसू. अक्षरताईंसारखं.

आणि दुसऱ्या रविवारी पाटीने सगळ्यात मोठं वाक्य लिहिलं, "मला ताईंच्या आश्रमात राहायचं आहे. पुढच्या रविवारी मला सोडा."

अक्षरताई नुकताच एक आश्रम काढत होत्या, मुलांना तिथेच ठेवून घ्यायला. म्हणजे माझी सहा वर्षांची बहीण, जिला पाणी मागायला कार्ड लागतं, ती परक्या घरात राहणार. का? तर तिची म्हणे तशी इच्छा आहे.

*

सोमवारी शाळा सुटल्यावर मी तडक स्पीचच्या मॅडमकडे गेले. त्या जमिनीवर बसून ठोकळे आवरत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं, भिंगासकट. भिंगाचं सांगताना कान तापले माझे.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे पुरावा आहे तुझ्याकडे. फक्त तो तू गिळून बसलीयस."

मग त्यांनी खणातून दोरा काढला, त्याला एक लोखंडी नट बांधला आणि माझ्या चिमटीत दिला. "हात अगदी स्थिर धर. हलवायचं नाही हं. फक्त मनात म्हण, डावीकडे, उजवीकडे."

मी धरला. मनात म्हटलं. आणि नट डावी-उजवीकडे झुलायला लागला!

"मी नाही हलवलं! शप्पथ!"

"हलवलंस. तुला कळलं नाही, एवढंच. मनात आलं की स्नायू केसभर हलतात, आणि आपल्याला वाटतं, दुसऱ्याच कुणी हलवलं. आता दोऱ्याच्या जागी सहा वर्षांच्या पोरीचं मनगट धर."

मी दोरा टाकूनच दिला.

"म्हणजे अक्षरताई लबाड आहेत?"

"ते मला माहीत नाही. कदाचित त्यांना स्वतःलाही खरंच वाटत असेल. तीसेक वर्षांपूर्वी अशीच लाट आली होती. मुलांचे हात धरणारे शिक्षक चांगले होते गं, मनापासून करत होते. मग संशोधकांनी एक साधी युक्ती केली. मुलाला एक चित्र दाखवलं, हात धरणाऱ्याला दुसरंच. आणि विचारलं, काय दिसलं?"

"मग?"

"पाटीवर उतरलं ते हात धरणाऱ्याला दिसलेलं. पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या ठिकाणी. कित्येक शिक्षक तिथेच कोसळले, कारण त्यांना वाटत होतं मूल बोलतंय."

"मॅडम, पण..." हे विचारायला मला भीती वाटत होती. "झाकणबाईच्या आत काहीच नाही का मग?"

"कोण म्हणतं?" मॅडम पहिल्यांदा चिडल्या. "खूप आहे! तिला काय येतं ते तिनेच दाखवलंय, तीन कार्डांनी. उद्या तीस होतील. काही मुलं मोठेपणी आपल्या हाताने, कुणी न धरता, लिहितात. काही कधीच बोलत नाहीत आणि तरी मजेत राहतात. ऑटिझम म्हणजे कुलूप नव्हे आणि आत कोंडलेली राजकन्याही नव्हे. मेंदूची घडण आईच्या पोटातच जरा वेगळ्या रीतीने होते, शंभरातल्या साधारण एका मुलाची. त्यात जनुकांचा मोठा वाटा. आईची माया कमी पडली म्हणून नाही, लस टोचली म्हणून नाही. हे सगळं हजारो, लाखो मुलांचा अभ्यास करून पाहिलेलं आहे. आणि कार्डं दिली म्हणून मूल बोलायचं थांबतं याला काडीचा पुरावा नाही. उलट काहींना बोलायला मदतच होते."

"हे सगळं तुम्ही आईला सांगा ना!"

"सांगितलं. ती म्हणाली, तुमच्याकडे आठ महिन्यांत तीन कार्डं झाली, तिकडे एका मिनिटात 'आई' झालं." मॅडमनी ठोकळा हातात फिरवला. "काय उत्तर देऊ मी त्याला?"

*

तिथून मी बाबांच्या दुकानात गेले. बाबा एका मनगटी घड्याळात डोकं घालून बसले होते, उसनं आणलेलं भिंग डोळ्याला. झाकणबाई कोपऱ्यात झाकणं मांडत होती.

"बाबा, भिंग तिने नाही फोडलं."

बाबांचा चिमटा थांबला.

"मी फोडलं. आणि तिचं नाव सांगितलं."

  मला वाटलं, एक थोबाडीत बसली तर बरं होईल, निदान संपेल तरी. बाबांनी डोळ्याचं भिंग काढलं, शर्टाला पुसलं, पुन्हा पुसलं.

"मग पाटीवर माफी कुणी मागितली?" ते म्हणाले.

"तेच तर, बाबा!" मी म्हटलं आणि मॅडमनी सांगितलेली दोन चित्रांची युक्ती एका दमात सांगून टाकली.

बाबांनी झाकणबाईकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. म्हणाले, "दोन महिने मी तिला माझ्या टेबलाजवळ येऊ दिलं नाही. न केलेल्या गोष्टीसाठी."

"बाबा, सॉरी..."

"सॉरी तिला म्हण. आणि ते बुटांचं खोकं दे इकडे. काटा कोण फिरवतंय ते बघायचं तर मागचं झाकण उघडावं लागतं."

*

रविवारी हॉल खच्चून भरला होता. आश्रमात राहायला जाणारं पहिलं मूल म्हणून झाकणबाईच्या गळ्यात हार! ती तो ओरबाडून काढत होती. टेबलावर संमतीचा कागद होता. शेवटच्या रांगेत मॅडम येऊन बसल्या होत्या.

बाबांनी पेनाचं टोपण काढलं. (बाईंनी ते लगेच ताब्यात घेतलं.) मग अगदी गरीब आवाजात म्हणाले, "सही करतोच, ताई. तिच्या आवडीची चार चित्रं आणलीत. जाण्याआधी पाटीवर त्यांची नावं लिहिलेली बघू द्या. बापाचं मन, दुसरं काय!"

"परीक्षा?" अक्षरताईंची भुवई वर गेली.

"छे हो, कौतुक!"

दीडशे माणसं बघत होती. ताई हसल्या, म्हणाल्या, "आणा."

बाबांचं खोकं मधोमध उभ्या पुठ्ठ्याने विभागलेलं होतं. दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, वरून चित्र सरकवायची फट. एका खिडकीतून झाकणबाई बघणार, दुसऱ्या खिडकीतून ताई. बाबांनी वरून चित्रं टाकली. पहिलं, दोन्हीकडे किल्ली. मनगट धरलं, बोट चाललं, काका गरजले, "कि... ल्ली!" टाळ्या! दुसरं, घड्याळ. "घ... ड्या... ळ!" पुन्हा टाळ्या. आईने माझ्याकडे बघून मान हलवली, बघितलंस, अशी.

तिसरं चित्र. बोट चाललं. "मा... सा!"

बाबांनी झाकणबाईच्या बाजूचं चित्र उचलून सगळ्यांना दाखवलं. झाकण होतं, बरणीचं, लाल. मग ताईंच्या बाजूचं उचललं. मासा.

टाळ्या निम्म्यावर विरल्या. चौथं. "छ... त्री!" झाकणबाईसमोर चमचा होता. छत्री होती ताईंसमोर.

"आणखी आहेत," बाबा म्हणाले. आता आवाज गरीब नव्हता. पाचवं, सहावं, सातवं. सातही वेळा पाटीने ताईंना दिसलं तेच लिहिलं. माझ्या बहिणीला दिसलेलं, वेगळं असेल तेव्हा, एकदाही नाही.

अक्षरताईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या स्वतःच्या बोटांकडे बघत होत्या, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत. क्षणभर, खरं सांगते, मला त्यांची दया आली. पण मग त्या ताडकन उठल्या, "शंका! इथे कुणीतरी शंका आणलीय! ही मोठी मुलगी! पहिल्या दिवसापासून हिचं स्पंदन काळं आहे!"

मी व्यासपीठावर गेले आणि माइक धरला. माइकवाले काका तो सोडेनात, पण मीही सोडला नाही.

"ताई, माझं स्पंदन काळं आहे, बरोबर. भिंग मी फोडलंय! माझ्या बहिणीने नाही. तिला ते माहीत आहे, तिने बघितलंय. मी घरी खोटं सांगितलं, आईने तेच खोटं तुमच्या चार पानी कागदावर लिहिलं, आणि तुमच्या पाटीने तेच खोटं वाचून दाखवलं. ही पाटी माझ्या बहिणीची असती तर पहिलं वाक्य आलं असतं, 'माझी ताई खोटारडी आहे'!"

कुणीतरी हसलं. आई हसली नाही. ती माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "म्हणजे 'आई' हा शब्दसुद्धा...?"

 सगळी तयारी केली होती मी, या एका प्रश्नाची नव्हती केली.

मॅडम पुढे आल्या.  कपाटावरून मी आणलेली पट्टी माझ्याकडून घेऊन त्यांनी टेबलाच्या कडेला लावली, आणि शेजारी घट्ट झाकणाची पाण्याची बाटली ठेवली. मग सगळे लांब झाले. झाकणबाईचं मनगट कुणीही धरलेलं नव्हतं.

ती थोडा वेळ टोपण फिरवत बसली. एवढा गलका चालू होता, तिला पर्वा नव्हती. मग तिला बाटली दिसली. झाकण फिरवून पाहिलं, निघेना. तिने पट्टीकडे पाहिलं. पंख्याकडे नाही, पट्टीकडे. चर्रकन कार्ड उपटलं, माझ्यासमोरून, बाबांसमोरून, मॅडमसमोरून सरळ चालत गेली आणि ते आईच्या हातात कोंबलं.

'उघड.'

आईने बाटली उघडली. झाकण तिच्या तळहातावर ठेवलं. आणि मग तिला कवेत घेतलं, जेवढं झाकणबाई घेऊ देते तेवढंच, म्हणजे चार सेकंद.

कागदावर सही झाली नाही.

सगळ्यांना पटलं असं समजू नका हं. ट्रकवाले काका तर माझ्यावर धावून आले, "तुमच्या पोरीचं नसेल खरं, माझ्या पोराचं मोडू नकोस!" पुढच्या रविवारी हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होतीच. त्या ओळखपत्रिका आधी कोण वाचतं हे विचारलं, तर माइकवाले काका म्हणाले, "गोपनीय आहे."

झाकणबाईला मी सॉरी म्हटलं. तिने ऐकलं की नाही, माहीत नाही. बाबांच्या टेबलाजवळ ती आता रोज बसते. कार्डं पाच झाली आहेत. पाचवं तिने स्वतः निवडलं, आईचा फोटो. तो ती रोज देत नाही. पण देते तेव्हा मनगट मोकळं असतं.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे. कुणी म्हणालं, तुमच्या मुलाच्या मनातलं मी सांगतो, तर आधी त्याला त्या मुलाचा हात सोडायला सांगा. मुलाला एक चित्र दाखवा, हात धरणाऱ्याला दुसरं. जो परीक्षेला पाप म्हणतो, त्याच्याकडे दुप्पट शंकेने बघा. शंकेने मूल मिटत नाही. आपण त्याच्या तोंडी आपले शब्द घालतो तेव्हा मिटतं, आणि हे मी त्या अक्षरताईंच्याही आधी करून बसले होते.

परवा दुकान बंद व्हायच्या वेळी ट्रकवाले काका आले. बराच वेळ उगाच भिंतीवरची घड्याळं बघत राहिले. मग बाबांकडे न बघताच म्हणाले,

"ते खोकं... दोन दिवस द्याल का?"